फक्कीतलं देऊळ

प्लॅनमास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मोकळ्या माळावर उभे राहून लाजरबाबांवर ओरडत होते.

"आवं बाबा, भिंतीतनं कुठं चाललाय? दारातनं या!"

माळावर भिंत नव्हती आणि दारही नव्हतं. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने मारलेल्या पांढऱ्या रेघा होत्या, एवढंच. लाजरबाबा म्हणजे आमच्या वरच्या आळीचे पंच. त्यांना कोणी 'सरका' म्हटलेलंसुद्धा मी ऐकलं नव्हतं. एक पाय रेघेच्या अलीकडे आणि एक पलीकडे, असे ते थांबले. पाण्याला निघालेल्या आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसलो. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "डोकं फुटलं असतं. दीड हाताची भिंत हाय ती. मागं व्हा."

आणि लाजरबाबा खरोखर मागे झाले. वळसा घालून, रेघेत जिथे जागा मोकळी सोडली होती तिथून आत शिरले. शिरताना त्यांनी मान थोडी खाली घातली. वर आभाळ होतं, तरी घातली. ते पाहून मास्तरांचा चेहरा उजळला. "हां," ते म्हणाले, "आता तुमाला दार दिसलं."

त्यांचं नाव याकोबराव कसबे. पण साताऱ्यापासून सांगलीपर्यंत सगळे त्यांना प्लॅनमास्तरच म्हणत. घरांचे आणि ख्रिस्ती देवळांचे नकाशे काढायचे आणि ती उभी राहीपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचा, हा त्यांचा धंदा. आष्ट्याजवळच्या आमच्या गावी ते देऊळ बांधायला आले तेव्हा सत्तरीला टेकले होते. लढाई चालू होती. माझे मालक पलटणीत होते, समुद्रापलीकडे. घरात मी, माझं तान्हं मूल आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. आमचा सोपा रिकामा होता म्हणून मास्तरांची वळकटी तिथे पडली.

धोतरावर काळा कोट, पायात बूट आणि डोक्यावर साहेबी टोप, असा त्यांचा थाट. कडक उन्हातही कोट निघायचा नाही. कोटाच्या खिशात ओळंबा असे. जेवायला बसायच्या आधी त्यांनी आमच्या घराची भिंत बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिली आणि कान लावला, वैद्याने पोट वाजवावं तसं. मग आत्याबाईंना म्हणाले, "भिंत ओली हाय. वरनं पन्हळ फुटलीय. लेकाला सांगा आल्यावर." आत्याबाई रागावल्या. पाहुण्याने पहिल्याच जेवणाला घराला नावं ठेवावीत हे त्यांना आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः शिडी लावून चढले, कोट घालूनच, आणि पन्हळ नीट करून उतरले.

बोलायला त्यांना फार आवडे, आणि स्वतःबद्दल बोलायला तर जास्तच. जेवताना ते आत्याबाईंना सगळं सांगत, मी चुलीपुढून ऐके. राणीच्या राज्यात त्यांचा जन्म. वडील पाचगणीला एका साहेबाकडे स्वयंपाकी. पुण्याला एका इंजिनिअर साहेबाच्या कचेरीत ते नकाशे काढायला शिकले, आणि तिथून सुटून साताऱ्यात स्वतःची पाटी लावली. पाचगणीला बंगले बांधले. एका शाळेचं प्रार्थनाघर बांधलं. वाईला वकिलाचं घर, सांगलीला व्यापाऱ्यांची घरं, आणि खेड्यापाड्यांतून लहान लहान देवळं. "माझं देऊळ वळखायची खूण एकच," ते म्हणत, "कमान बघा. उंच आन् टोकाला मिटलेली. हात जोडल्यावानी." असं म्हणून ते खरकटे हात तसेच जोडून दाखवत आणि आत्याबाई तोंड फिरवत.

सांगलीत त्या वेळी सिमेंटची सपाट गच्चीची घरं निघू लागली होती. त्यांचा विषय निघाला की मास्तर भाकरी खाली ठेवत. "घर म्हन्त्यात त्याला? काड्यापेटी. वरनं झाकण लावलं की झालं." लोक आता त्यांच्याकडे कमी येतात, हे ते सांगत नसत. पण कळत असे. आमचं देऊळ त्यांच्या हातचं शेवटचं ठरणार हेही त्यांना माहीत होतं. "ह्याची कमान अशी काढतो," ते म्हणत, "की आष्ट्याच्या रस्त्यावरनं जाणारा बैल सुद्धा मान वर करंल."

फक्कीची सवय त्यांना कशी लागली ते त्यांनी एकदाच सांगितलं. तरुणपणी साताऱ्यात एका पेन्शनर मामलेदाराचं घर त्यांनी बांधलं. टोकदार खिडक्या, नक्षीची कौलं, लोक बघायला येत. पुढे त्या घरातली म्हातारी गेली. तिरडी बांधली, उचलली, पण घरातला बोळ इतका अरुंद होता आणि दार अशा कोपऱ्यात होतं की तिरडी वळेना. शेवटी म्हातारीला खिडकीतून बाहेर काढावं लागलं.

"सत्तर वर्षं जी बाई त्या कुटुंबात राबली," मास्तर म्हणाले, "ती माझ्यापायी खिडकीतनं गेली. चोरासारखी. कागदावर तो बोळ लय सुंदर दिसत हुता."

तेव्हापासून कोणाचंही काम घेतलं की ते आधी जमिनीवर खऱ्या मापाची फक्की मारत आणि घरच्यांना एक दिवस त्या रेघांत राहायला लावत. चूल मांडा, पाणी आणा, अंथरूण घाला, पाहुणा बोलवा. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याने म्हणे कपाळावर हात मारला होता, "मास्तर, पेठेतले लोक बघायलेत, मला वेड लागलं म्हणतील." मास्तरांनी त्याला रेघांतच जेवायला बसवलं. त्याच्या बायकोच्या चुलीपासून पाटापर्यंत चार फेऱ्या झाल्यावर ती म्हणाली, "एवढं लांब मी रोज चालू व्हय?" आणि स्वयंपाकघर जागचं हललं. "चूक करायची तर फक्कीत करा," हे त्यांचं बोलणं सगळ्या गवंड्यांना पाठ होतं. "फक्कीतली चूक पायानं पुसती. दगडातली नातवंडं भोगत्यात."

आता आमच्या गावाचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गावात ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. बाप्तिस्मा घेण्याआधी या दोन जातींचं एकमेकांशी खाणंपिणं नव्हतं, आणि बाप्तिस्मा घेतल्यावरही ते तसंच राहिलं. वरच्या आळीचे पंच लाजरबाबा, खालच्या आळीचे थोमाआप्पा. रविवारी प्रार्थना चिंचेखाली व्हायची. एक आळी खोडाच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला.

माझे आईवडील खालच्या आळीतले. दोघेही साथीत गेले आणि पाद्रीसाहेबांनी मला साताऱ्याच्या बोर्डिंगात ठेवलं. तिथे मी चौथीपर्यंत शिकले. पुढे त्यांनीच माझं लग्न वरच्या आळीतल्या या शिपायाशी लावून दिलं. मालकांनी आनंदाने केलं. पण ते पलटणीत परत गेले आणि मी दोन आळ्यांच्या मध्ये राहिले. खालच्या आळीला मी परकी झाले. वरच्या आळीत मला कोणी टाकून बोललं नाही, पण आत्याबाईंचा पाण्याचा माठ वेगळा होता. तो त्या स्वतः भरत. माझ्या हातचं पाणी त्या पीत नसत. भाकरी खात, पाणी नाही. याचा अर्थ काय, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मला तसंही कोणापुढे बोलायला जमत नाही.

मास्तरांनी माळावर देऊळ आखलं आणि त्याला एक दार ठेवलं. ते दोन्ही पंचांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आल्यावर दोघेही वेगवेगळ्या वाटेने आमच्या सोप्यावर आले. सोप्यावरही दोन टोकांना बसले.

"दारं दोन पायजेत," लाजरबाबा म्हणाले.

"व्हय," थोमाआप्पा दुसऱ्या टोकाकडून म्हणाले, "उगवतीला एक, मावळतीला एक. भांडण नको, तंटा नको."

"तुमचं दोघांचं ह्या आधी कशावर एकमत झालं हुतं?" मास्तरांनी विचारलं.

दोघेही विचारात पडले. काही आठवेना.

"बरं," मास्तर म्हणाले. "फक्कीत काय बी करा. ह्या रविवारी दोन दारं काढतो. राहून बघा."

त्या रविवारी मास्तरांनी पुढच्या रेघेत दोन्ही कडांना दोन दारं काढली. मधे भिंत. वरची आळी एका दाराने आत गेली, खालची दुसऱ्या. पुरुष, मग बायका. आत्याबाई पुढे गेल्या. मी मुलाला काखेत घेऊन त्यांच्या मागे होते, आणि दाराशी आल्यावर माझे पाय थांबले. का थांबले ते आजही नीट सांगता येत नाही. वरच्या आळीच्या दाराशी बसलेल्या बायकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लुगडी थोडी आवरून घेतली, एवढंच झालं. मी दुसऱ्या दाराकडे पाहिलं. तिथे माझी चुलत चुलती बसली होती. तिने मान खाली घातली. मग मी मधल्या रेघेसमोर जाऊन उभी राहिले, ऊन डोक्यावर घेऊन.

प्रार्थना सुरू व्हायची होती. मास्तरांनी आतून मला पाहिलं.

"सूनबाई, आत ये."

सगळ्यांनी माना वळवल्या.  तरी मी बोलले. एवढ्या माणसांत मी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

"कुठनं येऊ?"

 मग लाजरबाबा म्हणाले, "नवऱ्याच्या दारानं यायचं. त्यात इचारायचं काय?" तिकडून थोमाआप्पा म्हणाले, "तुमच्या बायका जागा देईनात तिला, दिसतंय की सगळ्यास्नी." "मग तुमी घ्या की!" "आमी दिऊन बसलोय तिला!" आणि प्रार्थना राहिली बाजूला, मला कोणी ठेवून घ्यायचं यावर दोन्ही आळ्या उठून भांडायला लागल्या. मला घ्यायचं कोणालाच नव्हतं.

मी तिथेच भिंतीबाहेर खाली बसले. थोड्या वेळाने मास्तर दारातून बाहेर आले, भांडणाऱ्यांना वळसा घालून, रेघेवर पाय न देता. माझ्यापासून चार हातांवर, उन्हात, टोप मांडीवर घेऊन बसले. प्रार्थना संपेपर्यंत दोघेही तिथेच बसून राहिलो. उठताना ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले, "आणखी एक बाई खिडकीतनं. न्हाई. पुन्हा न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही दारं बुटाने पुसून टाकली आणि मधोमध एक काढलं. पंच आले तेव्हा म्हणाले, "दोन दारांचं देऊळ मी बांधत न्हाई."

"मग दुसरा बघतो," लाजरबाबा म्हणाले. "सांगलीला हाय एक पोरगा. सिमेटात बांधून देईल. चार दारं म्हणलं तर चार."

"बघा. पण तवर मी जात बी न्हाई."

दोघे पंच साताऱ्याला पाद्रीसाहेबांकडे गेले, मास्तरांना काढा म्हणून सांगायला. परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. पाद्रीसाहेबांनी सांगितलं होतं, नाताळपर्यंत तुमचं तुम्ही ठरवा, नाहीतर आणून टाकलेला दगड आणि लाकूड दुसऱ्या गावाला जाईल. त्यांचंही देऊळ अडलंय. लढाईमुळे कुठे काही मिळत नव्हतं, त्यामुळे एकदा गेलेला माल परत येणार नव्हता. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साताऱ्याला कशानं गेला हुता?"

"सर्व्हिस मोटारीनं."

"दोघं बी?"

"दोघं बी."

"मोटारीला दार किती हुतं, बाबा?"

आत्याबाई दारामागे फसकन हसल्या. लाजरबाबा चहा न पिताच उठले.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. वडार दगडाच्या ढिगाऱ्याशी विड्या ओढत बसून राहिले. चुना मळायच्या घाणीचा बैल रिकामा चरत फिरे. शेरडं येत, रेघा तुडवत. वारा फक्की उडवी. रोज सकाळी उजाडलं की मास्तर दोरी आणि फक्कीचं घमेलं घेऊन माळावर जात आणि ते सगळं देऊळ पुन्हा आखत. कोट घालून, गुडघ्यावर बसून. येणारे-जाणारे विचारत, "मास्तर, कवा बांधणार?" ते म्हणत, "बांधलंय की. दिसत न्हाई व्हय तुमाला?" एकदा अवेळी पाऊस झाला आणि सगळंच वाहून गेलं. त्या दिवशी त्यांना ताप होता. मी म्हटलं, "मास्तर, आज राहू द्या." त्यांनी दोरी उचलली. "सूनबाई," ते म्हणाले, "एक दिस रेघ न्हाई दिसली की लोक म्हन्तील, बरं झालं, गेलं देऊळ."

मग मीच घमेलं उचललं. त्यांनी दोरी धरायची आणि मी फक्की सोडायची. दार आलं की ते म्हणत, "थांब. हितं हात आवर."

त्या दिवसापासून मीही ठरवलं. पाण्याची खेप झाली की मी मुलाला घेऊन माळावर जाई, मधल्या दाराने आत शिरे आणि माळाच्या कडेच्या चिंचेची सावली जिथे पडे तिथे बसे. शेंगांचे दिवस होते. कोणाच्या तरी रानातल्या भुईमुगाचे वेल आम्ही रोजंदारीने शेंगा तोडायला घरी आणत असू, ते मी तिथे नेऊन तोडू लागले. पहिल्या दिवशी एकटीच होते. लोक बघत होते, आणि माझे कान तापले होते, पण उठले नाही. दोन-तीन दिवसांनी आत्याबाई आल्या. "घरात एकटीनं बसून काय करू? भिंती बघू?" असं पुटपुटत त्यांनी वेलांचा भारा ओढला. मग शेजारची आली. सावली चांगली, वारा येई, आणि गप्पाही होत. एके दिवशी माझी चुलत चुलती दाराबाहेर येऊन उभी राहिली, डोक्यावर वेलांचा भारा.

"जागा हाय का गं?" तिने विचारलं.

माझ्याआधी आत्याबाईच बोलल्या. "हाय की. दारातनं ये मातुर, न्हाई तर म्हातारा वरडंल."

बायकांनी अशा रीतीने देऊळ वापरायला काढलं. पुरुषांनी अजून मान्यच केलं नव्हतं. दोन्ही आळ्यांच्या बायका एका दाराने येत, बसत, भांडत, शेंगा तोडत, पोरांना पाजत. एका दुपारी आत्याबाईंना ठसका लागला. त्यांचा माठ घरी होता. माझ्याजवळ तांब्या होता. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "दे गं." मी दिला. त्या वरून न ओतता तोंड लावून पाणी प्यायल्या आणि तांब्या खाली ठेवून पुन्हा शेंगा तोडायला लागल्या. मास्तर दोरी गुंडाळत उभे होते. त्यांनी पाहिलं हे मला कळलं, कारण गुंडाळलेली दोरी त्यांनी सोडली आणि पहिल्यापासून पुन्हा गुंडाळायला घेतली.

नाताळच्या सकाळी पाद्रीसाहेब आले. थंडी मी म्हणत होती. बायका आधीच आत जाऊन बसल्या होत्या, शेंगांच्या दिवसांत जिथे बसत तिथेच, सगळ्या मिसळून. पाद्रीसाहेब मधल्या दाराने आत गेले. पुरुष मात्र बाहेर, दोन घोळक्यांत. आत जायचं तर बायकांनी वाट काढूनच दिली होती. पण आता नवीन अडचण आली: पहिल्यांदा कोणी जायचं? लाजरबाबा थांबले की थोमाआप्पा थांबत. थोमाआप्पांनी पाऊल उचललं की लाजरबाबा खाकरत.

आतून आत्याबाई ओरडल्या, "आवं, या की आत! पोरं गारठली!"

तेव्हा मास्तर उठले. दाराशी जाऊन त्यांनी दोघांच्या दंडाला धरलं आणि दोघांना खांद्याला खांदा लावून उभं केलं. ते दोघे एकमेकांच्या इतके जवळ कधी उभे राहिले नव्हते. दोघांनीही अंग चोरलं.

"चोरू नका," मास्तर म्हणाले. "माप चुकंल. सैल उभं ऱ्हावा. कोपरं भायेर काढा. हां."

त्यांनी खाली बसून लाजरबाबांच्या उजव्या पायाबाहेर फक्कीची चिमूट टाकली आणि थोमाआप्पांच्या डाव्या पायाबाहेर दुसरी. मग त्या दोन चिमटींच्या मधली जुनी रेघ बुटाने पुसली. दार आधीपेक्षा दुपटीला गेलं.

"आता चला," ते म्हणाले. "कुणी म्होरं न्हाई, कुणी मागं न्हाई."

आणि ते दोघे म्हातारे एकदम आत शिरले. थोमाआप्पांनी शिरताना मान खाली घातली, कारण लाजरबाबांनी घातली.

नाताळ उलटला आणि पाया खणायला घेतला. तेव्हा मला कळलं की त्या चिमूटभर फक्कीने मास्तरांचं काय गेलं. एवढ्या लहान देवळाला एवढं रुंद दार दिल्यावर वर उंच, टोकाला मिटलेली कमान बसणं शक्यच नव्हतं. तेवढी उंची भिंतीला नव्हती, आणि भिंत चढवायला चुना-दगड नव्हता. रात्रभर ते कंदिलापाशी नकाशे काढून फाडत. शेवटी बसकी कमान काढावी लागली. आयुष्यभर त्यांनी ज्या प्रकारच्या कमानीला नावं ठेवली होती तशी. गवंड्याने मधला कळीचा दगड बसवला तेव्हा मास्तर खाली टोप हातात घेऊन उभे होते. बराच वेळ बघत राहिले.

"कशी दिसतीया?" मी हळूच विचारलं.

"म्हातारीनं जांभई दिल्यावानी," ते म्हणाले.

देऊळ पुरं झालं. सांगलीहून एक तरुण इंजिनिअर बघायला आला. दाराचं माप भिंतीच्या मानाने चुकलंय, असं तो अदबीने म्हणाला. बरोबरच म्हणाला. आम्ही सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं, आता हे त्याला काड्यापेटीवरून सुनावणार म्हणून. पण ते म्हणाले, "चुकलंय. मला ठाऊक हाय. माझं समद्यात वाईट दार ते." मग म्हणाले, "पर पुसायचं न्हाई."

लढाई संपल्यावर मालक घरी आले. मास्तरांना भेटायला ते मला घेऊन साताऱ्याला गेले तेव्हा मास्तर खाटेवर होते. कोट खुंटीला टांगलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मला पाहून म्हणाले, "सूनबाई, आत ये." मी म्हटलं, "कुठनं येऊ?" ते इतके हसले की त्यांना खोकला लागला. मालकांना काही समजेना.

आमच्या गावात सगळंच बदललं असं नाही. अजूनही दोन्ही आळ्यांत सोयरीक करताना लोक दहा वेळा विचार करतात. पण त्या दारातून आत जाताना कोणी कोणासाठी थांबत नाही. आत्याबाई गेल्या तेव्हा त्यांची पेटी त्याच दारातून निघाली, चार खांदेकरी, दोन-दोन शेजारी शेजारी, कुठे वळावं न लागता.

मास्तर गेल्याचं कळलं तेव्हा दोन्ही आळ्यांची माणसं एकाच मोटारीने साताऱ्याला गेली. मीही गेले. दफनभूमीत गर्दी फार होती. पाचगणीचे, वाईचे, सांगलीचे लोक. कबरीच्या भोवती लोक फार जवळ येऊन कड ढासळू नये म्हणून कोणीतरी फक्कीची रेघ मारून ठेवली होती. पायथ्याच्या बाजूला, खांदेकऱ्यांना जायला, तेवढी जागा मोकळी होती. माती देण्याची वेळ आली. लाजरबाबा आता फार थकले होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. काठी टेकत ते सरळ निघाले आणि त्यांनी रेघेवर पाय टाकला.

"आवं बाबा," माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्याने, "भिंतीतनं कुठं चाललाय? दारातनं या."

परक्या गावातली ती एवढी माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. आमच्या गावचे लोक मात्र खाली बघत होते, आणि थोमाआप्पांचे खांदे हलत होते. लाजरबाबांनी पाय मागे घेतला. काठीने रेघ चाचपत चाचपत ते मोकळ्या जागेपर्यंत आले, आणि तिथे थांबले. आत गेले नाहीत. एका अंगाला सरकून त्यांनी माझ्या दिशेने हात केला.

"ये, सूनबाई," ते म्हणाले. "दोघं मावतूय."